आधी वजनकाटा, मग डोंगर : जुन्या पिकअपवर आलेल्या पत्रांना उत्तरं

जुना पिकअप कच्च्या रस्त्यावर भटकायला आणि त्यातच मुक्काम करायला कसा तयार करायचा, यावर बरीच पत्रं साठली होती. सगळी छापता येत नाहीत, म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ज्यात जिवाचा प्रश्न आहे त्यांना जास्त जागा दिलीये.

ताई, बाबांनी त्यांचा वीस वर्षं जुना डिझेल पिकअप मला दिलाय, डबल कॅब, फोर बाय फोर. लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), मोठे टायर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), लोखंडी बंपर अशी यादी करून ठेवलीये. पैसे पुरवून पुरवून वापरायचेत, तर सुरुवात कशापासून करू?

यादी फाडू नकोस, पण काही महिने कपाटात ठेव. वीस वर्षांच्या गाडीला पहिला खर्च देखभालीचाच असतो आणि तो फोटोत दिसत नाही म्हणून सगळ्यांचा मागे पडतो. गाडी रॅम्पवर चढव, जुने कपडे घाल, एक छोटी हातोडी आणि टॉर्च घे आणि स्वतः खाली जा, हे काम मेकॅनिकवर सोडू नकोस कारण पुढे रानात गाडीखाली तूच जाणार आहेस. चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, हलक्या हाताने ठोकत पुढून मागे सरकायचं. शाबूत लोखंड टणकन वाजतं आणि हातोडी उसळी मारते, गंज खाल्लेल्या जागी आवाज बसका येतो, ठप्प, आणि तपकिरी पापुद्रे तोंडावर पडतात, म्हणून चष्मा लाव. मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे जोडकड्या, जिथे चासीला धरलेत तिथे, शॉकअपच्या वरच्या बोल्टांपाशी, टाकीच्या वरच्या अंगाला आणि हौद्याच्या बोल्टांच्या आसपास जास्त वेळ दे. चासीचा जो भाग पेटीसारखा बंद असतो तिथे चिखल आत साचतो आणि गंज आतूनच बाहेर येतो, त्यामुळे बाहेरचा रंग चांगला दिसला तरी भोकांमधून टॉर्च मारून बघच. आणि काळा जाड थर ताजा ताजा फासलेला दिसला तर त्याच्याखाली नक्की काय झाकलंय ते खरवडून बघ.

चासी चांगली निघाली तर अर्धी लढाई जिंकलीस. मग टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला हे बाबांना आठवत नसेल तर नवीनच टाक, कूलंटचे होज दाबून बघ, कडक झाले असतील किंवा चिरा दिसत असतील तर सगळे बदल, रेडिएटर साफ करून घे, कारण लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या हळू पण ताकदीच्या गिअरमध्ये) हळूहळू चढताना समोरून वारा नसतो आणि इंजिन तिथेच तापतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, जुनं झालं की लांब उतारावर उकळतं आणि पेडल पायाखाली मऊ पडतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं. व्हील बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांचे रबर बुश, हे सगळं एका वेळी करून टाक. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचं) ऑइल बदलताना जुनं ऑइल पांढऱ्या ताटलीत घेऊन बोटांनी चोळून बघ, लोखंडाची कणी लागली की समज आत काहीतरी घासतंय.

एवढं झालं की बाकी काहीच न लावता, साध्या गादीवर आणि दोन डब्यांवर भागवून, तीन-चार रात्री बाहेर काढ. तुझ्या यादीतलं अर्धं सामान तुला लागतच नाही हे तेव्हा आपोआप कळेल, आणि जे लागेल ते यादीत नसेल.

चार इंच लिफ्ट आणि ३१ इंची टायर टाकायचेत. गॅरेजवाले म्हणतात एका दिवसाचं काम आहे. टाकू का?

टाकण्याआधी एक गोष्ट नीट बघून घ्या. मागचा ॲक्सल अखंड असतो, त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा लोंबतो आणि दगडाला सगळ्यात आधी लागतो तो तोच. तुम्ही चासी चार इंच वर उचलली तरी हा गोळा जमिनीपासून आहे तिथेच राहतो, एक मिलिमीटरही वर जात नाही, कारण तो चाकांना जोडलेला आहे, चासीला नाही. त्याला वर उचलतो फक्त मोठा टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच. समजा मूळचा टायर २३५/७५ आर १५ आहे, त्याचा व्यास साधारण ७३३ मिलिमीटर येतो, ३१ इंची टायरचा ७८७, फरक ५४, म्हणजे डिफरन्शियलखाली जागा वाढली २७ मिलिमीटर. लिफ्टचा उपयोग आहे, मोठा टायर चाकाच्या कमानीत घासू नये आणि चढ-उताराच्या तोंडाशी बंपर अडकू नये यासाठी, पण त्यासाठी दीड-दोन इंच बहुतेकांना पुरतात.

टायर मोठा झाला की गिअरिंगही लांब होतं. वरच्याच आकड्यांत सात टक्क्यांचा फरक पडतो, मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ ला असते, आणि चढावर पूर्वी जिथे दुसरा गिअर चालायचा तिथे पहिला घ्यावा लागतो, जुन्या कमी ताकदीच्या डिझेलला हे चांगलंच जाणवतं. क्लचवर ताण येतो तो वेगळाच.

आणि आता ज्याच्याबद्दल गॅरेजमध्ये कुणी सहसा बोलत नाही ते. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलपासून चासीपर्यंत एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग जोडलेली असते आणि ती एका ब्रेक व्हॉल्व्हला चालवते. हौदा भरला, गाडी बसली, चासी आणि ॲक्सलमधलं अंतर कमी झालं की व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो, रिकामी असली की कमी देतो म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत. तुम्ही लिफ्ट केली की ते अंतर कायमचंच वाढतं, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि हौद्यात भरपूर सामान घेऊन उतारावर असतानाही मागचे ब्रेक अर्धेमुर्धेच लागतात. त्या दांडीचं ब्रॅकेट लिफ्टइतकंच सरकवून सेट करून घ्यायचं असतं. सोबत ब्रेकचे रबरी होज पूर्ण लांबीला ताणले जात नाहीत ना, शाफ्टचा कोन फार वाढला नाही ना, हे चाक हवेत लोंबकळत ठेवून बघायचं. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवीनच वापरा आणि पाचेकशे किलोमीटरनंतर ठरलेल्या जोराने परत आवळा. एका दिवसात हे सगळं होत असेल तर करू द्या, नाहीतर दोन दिवस द्या. लिफ्ट आणि टायरच्या आकाराला कायद्याची मर्यादा असते आणि विमाही त्यावर अडतो, तेव्हा ते सामान घ्यायच्या आधी विचारून ठेवा.

आमचा पिकअप भरल्यावर मागून बसतो, हेडलाइट आभाळाकडे बघतात. हेल्पर (जादा) पाटे टाकू की एअर बॅग, म्हणजे चासीखाली बसवायच्या हवेच्या पिशव्या?

हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत आहे आणि मला वाटतं इथूनच बाकीचे सगळे प्रश्न सुटतात. गाडी मागून बसते तेव्हा ती आपल्याशी बोलत असते, आणि आपण पाटे कडक करून तिचं तोंड बंद करतो. पाटे वाढवल्याने गाडी सरळ उभी राहील, पण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चासी जितकं वजन पेलायला बनवलीत तितकंच पेलणार.

आधी कागद काढा. गाडीचं परवानगी असलेलं एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन, यांतला फरक म्हणजे तुमची भारक्षमता, आणि त्यात माणसंही धरलेली असतात हे लोक विसरतात. समजा एकूण २७०० आणि रिकामी १८००, म्हणजे हातात ९०० किलो. खूप वाटतात. आता मांडून बघू. दोन माणसं १५०, कॅनोपी (हौद्यावरचं बंद टोपण) ६०, छतावरचा तंबू ६०, त्याचा रॅक ३०, लोखंडी बंपर ५०, विंच ३५, ड्रॉवर ७० (१८ मिलिमीटरच्या प्लायची एक आठ बाय चारची शीटच तीसेक किलो भरते), भरलेला फ्रिज ४०, दुसरी बॅटरी २५, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, कॅनसकट जादा डिझेल ४०, हत्यारं आणि रिकव्हरीचं (अडकलेली गाडी काढायचं) सामान ५०, मोठ्या टायरांचं वाढलेलं वजन ३०, स्वयंपाकाचं, कपडे, खुर्च्या, अंथरूण ८०. बेरीज ७८०. अजून दोन मित्र मागच्या सीटवर बसले की ९३०, म्हणजे गाडी ओव्हरलोड, आणि यात कुणी उधळपट्टी केलीये असंही नाही.

म्हणून माझं सांगणं, पाट्यांवर खर्च करायच्या आधी गाडी पूर्ण भरून, टाकी फुल करून, सगळ्या माणसांना बसवून वजनकाट्यावर न्या. पुढची चाकं एकदा आणि मागची चाकं एकदा अशी वेगवेगळी पण मोजा कारण एकूण वजन बरोबर असूनही एकटा मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो. तो बहुतेक वेळा गेलेलाच असतो, कारण आपण जड वस्तू मागच्या फळीपाशी ठेवतो. तीन मीटर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) असलेल्या गाडीत मागच्या चाकांच्या एक मीटर मागे ६० किलो टांगले, म्हणजे दुसरी स्टेपनी आणि दोन कॅन वगैरे, तर मागच्या ॲक्सलवर ६० नव्हे, ८० किलो पडतात आणि पुढच्या चाकांवरून २० किलो उचलले जातात. हेडलाइट आभाळाकडे जातात ते यामुळेच, आणि स्टिअरिंग हलकं लागतं तेही. तेच वजन कॅबच्या पाठीला चिकटवून, खाली ठेवा. पाण्याच्या टाकीची जागा तीच, बॅटरीचीही तीच.

वजन कमी करून, पुढे सरकवून झाल्यावरही गाडी बसत असेल तर मग पाटे बघा. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा, रिकाम्या गाडीतच मागचे पाटे सपाट झाले असतील तर ते दमलेत, नेहमीच्या वजनाला साजेसा नवा संच घ्या, आणि शॉकअप त्याच्यासोबत बदला. एअर बॅगबद्दल मी सावध आहे. पाटे वजन दोन टोकांना चासीवर देतात, बॅग मात्र मधल्या एकाच जागी चासीला वर ढकलते, आणि मागे भरपूर ओझं लोंबत असताना खड्ड्यातून गाडी आदळली की चासी कॅबच्या मागे वाकते. हौदा आणि कॅब यांच्यामधली फट वरच्या बाजूला रुंद आणि खाली अरुंद झालेली दिसली की तेच झालेलं असतं. थोड्या वजनासाठी, कमी दाबावर बॅग चालतात. ओव्हरलोड लपवायला त्या वापरू नका.

नदी पार करायची तर स्नॉर्केल लावावाच लागतो ना?

स्नॉर्केल इंजिनाची श्वास घ्यायची जागा वर नेतो, बाकी गाडी होती तिथेच राहते, अल्टरनेटर खालीच, वायरिंग खालीच. धुळीच्या रस्त्यावर मात्र त्याचा खरंच फायदा होतो, हवा थोडी स्वच्छ मिळते. पण पाण्यासाठी त्याच्याही आधी एक अगदी छोटं काम आहे, डिफरन्शियलचे ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची तोंडं, वर नेणं.

मी हे चुकून शिकले. लांब चालवून आल्यावर ॲक्सल गरम होता आणि मी सरळ थंड पाण्यात गाडी घातली, गुडघाभरच होतं, आरामात पार झाली. चार महिन्यांनी ड्रेन प्लग सोडला तर आधी दोन थेंब निव्वळ पाणी आलं आणि मग दूध घातलेल्या कॉफीसारखं ऑइल, जाड, फेसाळ, बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडलेले. झालं असं की गरम ॲक्सल एकदम गार पडला, आतली हवा आकसली आणि बुजलेल्या ब्रीदरमुळे तिने ऑइल सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं. ब्रीदरला रबरी नळी लावून ती इंजिनाच्या खणात उंच नेऊन बांधली की हे टळतं, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचीही तशीच न्यायची. पाण्याआधी दहा मिनिटं थांबा, ॲक्सल निवू द्या, तेवढ्या वेळात पाणी सुरक्षित वाटत असेल तर पायी जाऊन तळ आणि ओढ बघून या. जिथे चालत जायची हिंमत होत नाही तिथे गाडी घालायची नाही. आणि मधेच इंजिन बंद पडलं तर परत सेल्फ मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टोचन करून बाहेर काढा, डिझेलला इंजेक्टर किंवा ग्लो प्लग, पेट्रोलला स्पार्क प्लग काढा आणि मगच इंजिन फिरवून पाणी बाहेर टाका.

फ्रिज लावल्यावर सकाळी गाडी चालूच होत नाही. मोठी बॅटरी टाकली तर चालेल?

एकच बॅटरी मोठी केली तर हेच एक दिवस उशिरा होईल. दुसरी वेगळी बॅटरी हवी, आणि दोघींच्या मध्ये आयसोलेटर किंवा डीसी टू डीसी चार्जर, म्हणजे मुक्कामाला फ्रिज आणि दिवे दुसरीवर चालतात आणि स्टार्टची बॅटरी तशीच भरलेली राहते. १२ व्होल्टचा ४५ वॉटचा फ्रिज चालू असताना पावणेचार अँपिअर ओढतो, दिवसाच्या चाळीस टक्के वेळ कॉम्प्रेसर चालला असं धरलं तर साधारण ३५ अँपिअर-अवर होतात, उन्हात उभी असेल तर जास्त. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे १०० ची बॅटरी तुम्हाला ५० च वापरू देते, दीड दिवस. लिथियम हलकी असते आणि जवळपास सगळी वापरता येते, पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही आणि तिला चार्जरही तिच्यासाठी बनवलेलाच लागतो. वायर जाड घ्या, बारीक वायरीत व्होल्टेज पडतो आणि मग फ्रिज बॅटरी भरलेली असतानाही बंद होतो. आणि फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात, दोन्ही बॅटऱ्यांच्या बाजूला, कारण चासीला घासून सोललेली वायर फ्यूजच्या आधी असेल तर गाडी पेटते.

आम्ही दोघं कॅनोपीतच झोपतो. थंडीत आत छोटा स्टोव्ह लावून ठेवला तर चालतो का? छतावरचा तंबू बरा का?

स्टोव्ह आत अजिबात नको. पाच मिनिटं पण नको, झोपायच्या आधी नको, आणि निखाऱ्यांची शेगडी तर मुळीच नको. जळणाऱ्या कुठल्याही गोष्टीतून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नाही, रंग नाही, निखारे विझत आले तरी तो येतच राहतो, आणि तो झोपेतच गुंगी आणतो म्हणून माणूस दार उघडायला उठतच नाही. कॅनोपीसारख्या छोट्या बंद जागेत हे फार लवकर होतं. कृपा करून बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्या, उशाशी लावा, आणि इंजिन चालू ठेवूनही झोपू नका. ऊब हवी असेल तर गादीखाली जाड फोमची शीट, चांगली स्लीपिंग बॅग आणि गरम पाण्याची पिशवी. दोन खिडक्या समोरासमोर दोन बोटं उघड्या ठेवा, त्याने थंडी फार येत नाही पण सकाळी पत्र्यावरून थेंब गळतात ते कमी होतं, तो आपल्याच श्वासाचा ओलावा असतो.

छतावरचा तंबू आरामाचा आहे, पण पन्नास-साठ किलो सगळ्यात उंच जागी जातात आणि तिरक्या उतारावर ते गाडीला बाहेर ओढतात. तो घेणारच असाल तर कॅबच्या छतावर न बसवता हौद्यावर कमी उंचीच्या रॅकवर बसवा, आणि रॅकची धावत्या गाडीतली क्षमता विचारा, उभ्या गाडीतली क्षमता कितीतरी जास्त सांगितली जाते आणि ती ऐकूनच लोक फसतात. तुम्ही दोघंच आहात, कॅनोपीत पाय लांब करता येतात, तर मी तरी आहे त्यातच राहीन.

गाडी टू व्हील ड्राइव्ह आहे, विंच नाही. वाळूत, चिखलात अडकलो तर काय?

टू व्हील ड्राइव्हने खूप लांब जाता येतं, टायरची हवा कमी करायला शिकलात तर. वाळू लागली की हवा १६ ते १८ पीएसआयपर्यंत आणा, टायर लांबट पसरतो आणि वाळूवर तरंगतो. वेगाने वळू नका कारण इतक्या कमी हवेत टायर रिमवरून निघू शकतो. परत डांबरी रस्त्याला लागायच्या आधी हवा भरायलाच हवी, म्हणून १२ व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर आणि गेज विंचच्या आधी घ्या. चाक फिरायला लागलं की लगेच पाय काढा, जितका रेटाल तितका खड्डा खोल होईल. फावड्याने चाकांच्या पुढची आणि ॲक्सलखालची माती काढा, रिकव्हरी बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खडबडीत फळ्या) चाकाच्या तोंडात खुपसा आणि हळू निघा. जॅक लावायचा तर खाली जाड फळी ठेवा.

दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली तर ताणणारा दोर ट्रेलरच्या गोळ्याला कधीही बांधू नका. तो गोळा धक्क्याने तुटतो आणि काच फोडून आत येतो, यात माणसं मेलीत. गाडी जहाजावर किंवा ट्रकवर बांधायला दिलेल्या पातळ कड्याही ओढण्यासाठी नसतात. चासीला मोठ्या बोल्टांनी बसवलेले, त्याच कामाचे हुक दोन पुढे आणि एक मागे, आत्ताच, घरी असतानाच लावून घ्या. ओढताना बाकी सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, बाजूला उभं करा, दोराच्या रेषेत कुणीही नाही, मोबाइलवर शूटिंग करणाराही नाही.